इंधन पंपाचा रिले: हुकूम एका सर्किटात, काम दुसऱ्यात

पेट्रोल मोटारीचा सेल्फ जोमाने फिरतो, दिवे उजळ असतात, बॅटरीवर शंका घ्यावी असे काहीच दिसत नाही, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही, तेव्हा बहुतेकांचा संशय थेट टाकीतल्या पंपावर जातो. मग मागचे आसन निघते किंवा टाकी उतरते, नवा पंप बसतो आणि त्यानंतर लक्षात येते की दोष फ्यूज बॉक्समधल्या इंचभर घनाकृती डबीत, म्हणजे रिलेत, होता. उलटही घडते: रिले बदलला जातो आणि बिघाड तिसऱ्याच ठिकाणी सापडतो. या गोंधळाचे मूळ माझ्या मते एकच आहे. रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, हा एक भाग म्हणून ओळखला जातो, पण त्यात एकमेकांना विजेने न जोडलेली दोन सर्किटे राहतात. एकातून हुकूम जातो, दुसऱ्यातून काम होते, आणि तपासताना ही दोन वेगळी धरली नाहीत तर निष्कर्ष चुकतो.

मुळात पंपासाठी हुकूम देण्या-घेण्याची व्यवस्था का लागते, हे आधी पाहिले पाहिजे. कार्बोरेटर असलेल्या गाड्यांत ती लागत नसे. तिथला पंप इंजिनावरच बसवलेला असे. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा इंजिनातला दंड) फिरला की पंपाचा दांडा खालीवर होई, आतला पडदा हले आणि पाव-अर्ध्या बारहूनही कमी दाबाने पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत येई. इंजिन थांबले की पंप थांबे. त्यासाठी कोणी वेगळी सोय केलेली नव्हती. ती रचनेतच होती.

इंजेक्शन आले आणि हे नाते तुटले. इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला साधारण तीन ते चार बारचा स्थिर दाब लागतो, आणि तो इंजिन पहिला फेरा घेण्याआधीच तयार असावा लागतो. म्हणून विजेवर चालणारा पंप आला आणि तो टाकीत पेट्रोलमध्येच बुडवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, कारण त्यामुळे पंप थंड राहतो, त्याचा आवाज दबतो आणि पंपाला पेट्रोल खेचत बसावे न लागता ते पुढे ढकलायचेच काम उरते. मात्र आता पंपाला इंजिन फिरते आहे की बंद पडले आहे याची काहीच खबर नसते. त्याला वीज मिळाली की तो चालणार. सामान्य मोटारीचा पंप तासाला साधारण शंभर लिटर पेट्रोल पुढे पाठवू शकतो, म्हणजे मिनिटाला दीड लिटरहून अधिक. अपघातात पुढची नळी फाटली, इंजिन बंद पडले, चालक बेशुद्ध आहे आणि चावी ‘ऑन’वरच आहे, अशा स्थितीत पंप चालू राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. जुन्या पंपाचे जे नाते रचनेतून आपोआप मिळत होते, ते विजेच्या पंपाच्या बाबतीत मुद्दाम घडवावे लागले. रिले आणि त्याला हुकूम देणारी यंत्रणा मिळून हेच काम करतात. म्हणून या रिलेला केवळ ‘पंपाचे बटण’ म्हणणे मला अपुरे वाटते.

पंप चालताना साधारण चार ते दहा अँपिअर घेतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्या काही पट. एवढा प्रवाह चावीच्या स्विचमधून नेला तर स्विचचे कॉन्टॅक्ट लवकर जळतील, शिवाय डॅशबोर्डपर्यंत जाऊन मागे टाकीकडे येणाऱ्या लांबलचक वायरीत व्होल्टेज वाया जाईल. ईसीयूमधल्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या) छोट्या ट्रान्झिस्टरवरही हा भार टाकणे परवडणारे नाही. रिलेच्या कॉइलला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, मात्र त्याच्या दोन-तीन टक्क्यांइतकाच प्रवाह पुरतो. नव्वद ओहमची कॉइल १२.६ व्होल्टवर ०.१४ अँपिअर घेते, आणि एवढे तर ईसीयूला सहज जमते.

निकामी झालेला एखादा रिले फेकण्याआधी त्याचे प्लॅस्टिकचे टोपण पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून पाहावे. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेची घट्ट गुंडाळलेली रीळ दिसते, तिच्या मधोमध मऊ लोखंडाचा गाभा असतो आणि वर एका बाजूने बिजागरीसारखी टेकलेली लोखंडी पट्टी असते. या पट्टीला आर्मेचर म्हणतात. तिला वर धरून ठेवणारी एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते. तिच्यासमोर, एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर, तशीच दुसरी टिकली असते. कॉइलमध्ये प्रवाह गेला की गाभा चुंबक होतो, पट्टी खाली खेचली जाते, टिकल्या एकमेकींवर टेकतात आणि पंपाचे सर्किट पूर्ण होते. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उरकते. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला परत वर नेते. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास दाखवलेली आणि पुढे तारायंत्राने जगभर नेलेली ही युक्ती आहे, आणि गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत तिच्या मूळ कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते.

रिलेच्या बुडाशी छापलेले आकडे जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधून आले आहेत आणि ते पाठ असले की वायरिंगचा निम्मा नकाशा हातात येतो. ३० म्हणजे बॅटरीकडून कायम येणारी वीज. ८७ म्हणजे पंपाकडे जाणारी वाट. ८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोके. पहिल्याला सहसा चावीनंतरची वीज मिळते आणि दुसरे अर्थकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे, जाते. पाच पायांच्या रिलेत ८७ ए ही आणखी एक पिन असते, ती रिले विश्रांतीत असताना ३० ला जोडलेली राहते आणि पंपाच्या सर्किटात बहुधा रिकामीच सोडलेली असते. थोडक्यात ८५ आणि ८६ ही हुकुमाची बाजू, ३० आणि ८७ ही कामाची.

आता हुकूम कोण देतो आणि कशाच्या भरवशावर, हा सगळ्यात रंजक भाग. आजच्या बहुतेक मोटारींत चावी ‘ऑन’ केल्यावर ८६ ला वीज मिळते, पण ८५ चा अर्थ ईसीयूच्या ताब्यात असतो. ईसीयू तो अर्थ दोन-तीन सेकंदांपुरता देतो, तेवढ्यात पंप चालून नळीत दाब भरतो, आणि नंतर तो काढून घेतो. मागच्या आसनाखालून क्षणभर येऊन थांबणारी घरघर हीच. यानंतर ईसीयू वाट पाहतो ती क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दंड) फिरतो का हे टिपणाऱ्या सेन्सरच्या स्पंदनांची. सेल्फ मारला, क्रँकशाफ्ट फिरू लागला आणि सेन्सरकडून स्पंदने येऊ लागली की ईसीयू पुन्हा अर्थ देतो आणि स्पंदने येत राहतील तोवर तो कायम ठेवतो. इंजिन कोणत्याही कारणाने थांबले की स्पंदने थांबतात आणि पुढच्या एक-दोन सेकंदांत पंपही थांबतो. कॅमशाफ्टवर बसलेल्या जुन्या पंपाची शिस्त अशा रीतीने सेन्सर, ईसीयू आणि रिले या तिघांनी मिळून परत आणली आहे.

क्रँक सेन्सर सर्रास येण्याआधी हीच शिस्त निरनिराळ्या मार्गांनी आणली गेली. बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत, जी १९७० च्या दशकात आली, हवा मोजणाऱ्या झडपेलाच एक छोटा कॉन्टॅक्ट बसवलेला असे. इंजिन हवा ओढू लागले की झडप उघडे आणि त्यासरशी पंपाचे सर्किट जुळे. हवा थांबली की सर्किट तुटे. काही गाड्यांत रिलेच्याच डबीत एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असे आणि ते इग्निशन कॉइलची स्पंदने मोजून इंजिन फिरते आहे की नाही ते ठरवी. जनरल मोटर्सच्या अनेक इंजिनांत रिलेला समांतर असा ऑइल प्रेशर स्विच जोडलेला असे. तिथे रिले पूर्ण मेला तरी बराच वेळ सेल्फ मारल्यावर ऑइलचा दाब तयार होई, स्विच जुळे आणि इंजिन सुरू होई. अशा गाडीचा मालक ‘सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, नंतर गाडी उत्तम चालते’ अशी तक्रार करी, आणि ज्याला ही समांतर वाट ठाऊक नसे तो बॅटरी, प्लग, इंजेक्टर असे सगळे पालथे घाली.

फोर्डच्या पुष्कळ मोटारींत याखेरीज धक्क्याने तुटणारा एक स्विच असे. त्यात शंकूच्या आकाराच्या खोबणीच्या तळाशी पोलादी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असे. जोराची धडक बसली की गोळी चुंबकापासून सुटे, उतारावरून वर चढे आणि वरची पट्टी ढकलून पंपाचे सर्किट तोडी. वरचे बटण हाताने दाबेपर्यंत पंप चालत नसे. डिकीच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या आसनाच्या पायाजवळ दडलेला हा स्विच पार्किंगमधल्या एखाद्या दणक्यानेही कधी कधी सुटे, आणि मग रिले व्यवस्थित वाजूनही पंप मुका राही. हल्ली हे काम एअरबॅगचे कंट्रोल युनिट करते: धडक ओळखली की ते ईसीयूला कळवते आणि ईसीयू रिलेचा अर्थ सोडून देतो.

या सगळ्याचा व्यावहारिक अर्थ असा की रिले न ओढला जाण्याचे कारण रिलेत नसणे अगदी शक्य आहे. क्रँक सेन्सर मेला असेल तर सेल्फ फिरूनही ईसीयूच्या लेखी इंजिन स्थिर आहे. तो हुकूम देणारच नाही. काही गाड्यांत चावीची ओळख पटली नाही तर चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरमुळेही पंपाला वीज मिळत नाही. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) इंजिनाचे फेरे शून्यच दिसत असतील, तर रिलेला हात लावण्यात अर्थ नाही.

आता रिले स्वतः कसा बिघडतो त्याकडे वळू. कामाच्या बाजूचा मुख्य शत्रू म्हणजे ठिणगी. पंपाची मोटर सुरू होताना काही पट प्रवाह ओढते आणि नेमक्या त्याच क्षणी टिकल्या एकमेकींवर आपटून सूक्ष्म उसळ्या घेत असतात. उघडताना तर मोटरच्या गुंडाळ्यांतली ऊर्जा टिकल्यांमधल्या फटीत विजेचा चाप (आर्क) पेटवते. प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्यामुळे दर ठिणगीला धातूचे कण एका टिकलीवरून उडून दुसरीवर बसतात. बऱ्याच वर्षांच्या रिलेच्या टिकल्या भिंगाखाली पाहिल्या तर एकीवर खड्डा आणि समोरचीवर त्याला जुळणारे टेंगूळ दिसते, आणि भोवती काळी राख. असा पृष्ठभाग जुळतो तेव्हा काही बिंदूंवरच जुळतो. तिथला रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंगचा ताठपणा कमी होतो, आणि मग रोध आणखी वाढतो.

आकड्यांत पाहिले तर याचे गांभीर्य कळते. टिकल्यांचा रोध केवळ ०.१ ओहम झाला आणि पंप ८ अँपिअर घेत असला, तर ०.८ व्होल्ट रिलेतच खर्ची पडतात आणि डबीत ६.४ वॅट उष्णता तयार होते. तेवढ्याशा बंद प्लॅस्टिकमध्ये ती कुठे जाणार? ती पिनांतून खाली उतरते आणि फ्यूज बॉक्सचे प्लॅस्टिक तपकिरी होऊ लागते. दुसरीकडे पंपाला व्होल्टेज कमी मिळाल्याने दाब घटतो. गाडी सुरू तर होते, पण चढावर किंवा वेग घेताना दम टाकते. अशा वेळी इंधन फिल्टर, इंजेक्टर, पंप या सगळ्यांवर आळ येतो.

याउलट टिकल्या वितळून एकमेकींना चिकटल्या तर हुकूम काढून घेतला तरी पंप थांबत नाही. चावी काढून गाडी बंद केली आणि मागून घरघर येतच राहिली, तर रिले चिकटला आहे असे धरून चालावे. रात्रभरात बॅटरी उतरते हा त्यातला लहान तोटा. अपघातात पंप बंद करण्याची सोय उरत नाही हा मोठा.

हुकुमाच्या बाजूचा बिघाड अधिक लबाड असतो, कारण त्यात हवामान येते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला जवळजवळ ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ९० ओहम असलेली कॉइल १०० अंशांवर सुमारे ११८ ओहमची होते. पट्टी खेचायला ठरावीक चुंबकीय बळ लागते, म्हणजे ठरावीक प्रवाह लागतो, आणि रोध वाढला की तोच प्रवाह मिळवायला व्होल्टेज जास्त लागते. गार असताना ७ व्होल्टवर ओढला जाणारा रिले तापल्यावर ९ व्होल्टच्या पुढे मागतो. इंजिनाच्या खोलीतला फ्यूज बॉक्स, नुकतीच थांबवलेली गाडी, थोडी थकलेली बॅटरी आणि सेल्फ फिरताना ९-१० व्होल्टवर आलेले व्होल्टेज, हे सगळे एकत्र आले की रिले ओढला जात नाही. तासाभराने गाडी थंड झाल्यावर ती काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते, आणि मेकॅनिकसमोर तर हमखास सुरू होते.

यात एक बारकावा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. रिलेला ओढले जायला जेवढे व्होल्टेज लागते त्याहून बरेच कमी व्होल्टेज ओढलेले राहायला पुरते, कारण पट्टी गाभ्याला टेकल्यावर चुंबकाची पकड कितीतरी घट्ट होते. चावी ‘ऑन’ केल्यावर बॅटरीवर भार नसतो, पूर्ण साडेबारा व्होल्ट मिळतात, तापलेला रिलेही ओढला जातो आणि घरघर ऐकू येते. दोन सेकंदांनी ईसीयू त्याला सोडतो. पुढे सेल्फ मारताना त्याला नव्याने ओढले जावे लागते, आणि नेमके तेव्हाच व्होल्टेज पडलेले असते. म्हणून ‘चावी लावल्यावर पंपाचा आवाज येतो, तेव्हा रिले ठीक आहे’ हा निष्कर्ष गार गाडीपुरताच खरा. तापल्यावर अडणारी गाडी जर चावी फिरवताक्षणी, घरघर चालू असतानाच सेल्फ मारल्यावर सुरू होत असेल आणि थांबून मारल्यावर होत नसेल, तर रिलेवरचा किंवा त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवरचा संशय बळकट होतो.

ज्या रिलेच्या डबीत छोटी सर्किटपट्टी असते, त्यांत आणखी एक रोग आढळतो. जड पिनांभोवतीच्या डाकाला वर्षानुवर्षे तापून-निवून वर्तुळाकार चीर पडते. उन्हात तापलेल्या गाडीत ती चीर उघडते आणि गारव्यात मिटते. डाक पुन्हा वितळवला तर असा रिले बरीच वर्षे चालतो. ही दुरुस्ती मला नवा भाग बसवण्याइतकीच प्रतिष्ठेची वाटते.

कॉइलविषयी एक गोष्ट राहिली. तिच्यातला प्रवाह अचानक तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळताना उलट दिशेने काही शे व्होल्टचा झटका निर्माण होतो, आणि तो ईसीयूच्या ट्रान्झिस्टरला घातक ठरू शकतो. म्हणून रिलेत कॉइलला समांतर एक रोधक किंवा डायोड बसवतात. ६८० ओहमचा रोधक असला आणि कॉइलमध्ये ०.१४ अँपिअर असले, तर झटका साधारण ९५ व्होल्टवर थोपतो. डायोड त्याला एका व्होल्टच्या आसपास आणतो, पण त्याची किंमत अशी की कॉइलमधला प्रवाह रेंगाळतो, पट्टी हळू सुटते आणि टिकल्यांवरचा चाप लांबतो. शिवाय डायोडला दिशा असते. ८५ आणि ८६ उलटे जोडले गेले तर डायोड थेट शॉर्ट होऊन बसतो आणि ईसीयूचा ट्रान्झिस्टर त्यात बळी जाऊ शकतो.

तपासणीत सर्वाधिक फसवणूक करतो तो रिलेचा ‘टक्’ आवाज. तो आला म्हणजे हुकूम पोचला आणि पट्टी हलली, इतकेच सिद्ध होते. टिकल्यांतून प्रवाह गेला की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. दारावरची घंटा वाजली म्हणून दार उघडले असे कोणी म्हणत नाही. आवाज न येणे मात्र बरेच काही सांगते: दोष हुकुमाच्या बाजूला शोधावा.

मी स्वतः पुढील क्रमाने जातो. आधी फ्यूज पाहतो, कारण तो पाहायला क्षणही लागत नाही. मग रिले काढून त्याच्या खोबणीत मल्टिमीटर लावतो. ३० वर बॅटरीइतके व्होल्टेज कायम असले पाहिजे. चावी ‘ऑन’ करताच ८६ आणि ८५ यांच्या दरम्यान दोन-तीन सेकंद बारा व्होल्ट दिसून नाहीसे झाले, तर ईसीयू, त्याची वायर आणि चावीचा पुरवठा जागेवर आहेत. काही गाड्या दार उघडतानाच दाब भरून घेतात आणि काही नुकत्याच बंद केल्या असतील तर भरतच नाहीत, हे ध्यानात ठेवावे. या जागी जास्त वॅटचा जुना बल्ब लावून पाहू नये, कारण त्याचा प्रवाह ईसीयूच्या ट्रान्झिस्टरला झेपेलच असे नाही.

यानंतर १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेल्या जाड वायरीने ३० आणि ८७ जोडले की पंपाला रिलेवाचून वीज मिळते. पंप चालला तर पंप, त्याची वायर आणि त्याचा अर्थ या तिन्हींची एका फटक्यात सुटका होते आणि रिले किंवा हुकूम एवढेच आरोपी उरतात. पंप गप्प राहिला तर रिलेला दोष देणे थांबवावे. या एका कृतीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात, म्हणून ‘रिले बदलून पाहू’ या सवयीपेक्षा मला ही जास्त पसंत आहे. पेट्रोलचा वास येत असेल किंवा गाडीला नुकतीच धडक बसलेली असेल तर मात्र हे मुळीच करू नये.

वायर जोडलेली तशीच ठेवून गाडी हाकणारे पुष्कळ भेटतात. ‘पंप डायरेक्ट केला’ असे ते अभिमानाने सांगतात. त्यांनी डायरेक्ट केलेल्या पंपाला इंजिन थांबल्याचे कळत नाही, एअरबॅग उघडल्याचेही कळत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी नेण्यापुरता हा उपाय एक वेळ समजू शकतो. आठवडाभर तसेच फिरणे हा निव्वळ अविचार आहे.

रिले ओढला जातो आणि पंपही चालतो, पण दाब कमी वाटतो, अशा वेळी व्होल्टेज भार असतानाच मोजावे लागते. पंप बंद असताना मल्टिमीटर वायरीच्या एकाच शाबूत धाग्यातूनही बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. पंप चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार ३० ला आणि दुसरी ८७ ला लावावी. चांगल्या रिलेत तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. अर्धा व्होल्ट दिसला तर टिकल्या संपत आल्या आहेत. त्या घासून चकचकीत करण्याचा मोह होतो, पण घासल्याने चांदीच्या मिश्रधातूचा उरलासुरला थर जातो आणि रिले आणखी लवकर मरतो.

नवा रिले घेताना केवळ डबीचा आकार जुळवू नये. दिसायला सारख्या दोन प्रकारांत ३० आणि ८६ यांच्या जागांची अदलाबदल असते. चुकीचा रिले खोबणीत बिनतक्रार बसतो आणि सर्किटात गोंधळ घालतो. डबीवर छापलेली आकृती जुन्या रिलेशी ताडून पाहावी: पिनांची जागा, अँपिअर, रोधक की डायोड. हॉर्नचा रिले तात्पुरता काढून पंपाच्या जागी लावून पाहतानाही हीच खबरदारी हवी. खोबणीतली पकड सैल झाली असेल तर नवा रिलेही तिथे तापणारच, तेव्हा पिन आत घट्ट बसते का हे हाताला जाणवले पाहिजे.

एकाच गाडीत रिले वारंवार जळत असेल, तर जास्त अँपिअरचा रिले बसवण्यापूर्वी पंपाचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजावा. गाळाने अडखळणारा किंवा तुंबलेल्या फिल्टरविरुद्ध झगडणारा पंप नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, आणि त्याचा राग रिलेच्या टिकल्यांवर निघतो.

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत पंप पूर्ण वेगाने सतत चालवला जात नाही. इंजिनाला लागेल तेवढाच दाब देण्यासाठी एक कंट्रोल मॉड्यूल वीज झपाट्याने चालू-बंद करून पंपाचा वेग बदलत राहते. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणे लोखंडी पट्टीला शक्य नाही, म्हणून तिथे ट्रान्झिस्टर आले. अशा बऱ्याच गाड्यांत रिले असतोच, पण तो थेट पंपाला वीज न देता या मॉड्यूलला देतो. तिथे ३० आणि ८७ जोडून पंप चालेलच असे नाही, कारण मॉड्यूलला ईसीयूचा वेगळा संकेत हवा असतो. ८७ वर वीज येऊनही पंप गप्प राहिला म्हणून तो मेला असे तिथे ठरवता येत नाही. अशा गाडीत स्कॅनरवरून पंप चालवण्याचा आदेश देऊन मॉड्यूलला येणारी वीज, त्याचा अर्थ आणि पंपाकडे जाणारे व्होल्टेज ही तीन मापे घ्यावीत, आणि मगच टाकीला हात लावावा.